अक्षरं राहिली, गेलं त्याची नोंद

पोलादी ठसा. बोटभर लांबीची पोलादाची कांडी आणि तिच्या टोकावर उलटं कोरलेलं एकच अक्षर. कोरता कोरता ते टोक दिव्याच्या ज्योतीवर काजळायचं, कागदावर दाबायचं, उमटलेलं काळंभोर अक्षर भिंगाखाली बघायचं आणि पुन्हा कोरणी हातात घ्यायची. जास्त कापलं गेलं तर पोलाद परत जोडता येत नाही. नवी कांडी घ्यावी लागते. मनासारखं उतरलं की तापवून, विझवून कडक करायचं आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचं. तांब्यात उमटलेला खळगा म्हणजे मातृका. तिला साचा लावून त्यात शिसं, अँटिमनी आणि कथिल यांचा रस ओतला की खिळा बाहेर पडतो. जर्मनीत खिळ्याची उंची २३.५६ मिलिमीटर. एखादा खिळा किंचित जरी बुटका निघाला तरी ओळीत फिका छापतो, म्हणून हा दशांशातला आकडा ओतशाळेत कुणी हलक्यानं घेत नसे.

हर्मन झाप्फ या जर्मन अक्षररचनाकाराची अक्षरं अशा खिळ्यांतून छापली गेली, मग फिल्मवर चढली, मग कॉम्प्युटरात गेली. ८ नोव्हेंबर १९१८ला न्युरेंबर्गमध्ये जन्म, ४ जून २०१५ला डार्मश्टाटमध्ये मृत्यू. या ९६ वर्षांत छपाईचा धंदा दोनदा मुळापासून पालटला, आणि तिन्ही काळांत पहिल्या प्रतीचं काम करून दाखवणारी जी मोजकी माणसं झाली त्यांत झाप्फ यांचं स्थान फार वरचं आहे. पॅलाटिनो, ऑप्टिमा, झाप्फिनो ही त्यांची अक्षरं आज जगभरच्या पडद्यांवर आहेत. ती ज्या वस्तूंतून, ज्या घरांतून, ज्यांच्या हातून आली त्यांतलं बहुतेक सगळं गेलं. त्याची ही यादी. क्रम काटेकोर नाही.

रिटचरचा कुंचला. झाप्फना व्हायचं होतं विजेचे इंजिनिअर. लहानपणी थोरल्या भावाला गुप्त निरोप पाठवण्यासाठी त्यांनी स्वतःची लिपीसुद्धा तयार केली होती. घरात दुसऱ्या कुणाला ती वाचता येऊ नये एवढाच हेतू. १९३३ साली नाझी सत्तेवर आले. वडील कामगार संघटनेतले. त्यांची नोकरी गेली, काही काळ डाखाऊच्या छळछावणीत काढावा लागला. अशा बापाच्या मुलाला तंत्रविद्यालयाचं दार बंद. चित्रकला चांगली आहे, लिथोग्राफीत जा, असं शिक्षकांनी सुचवलं. मुलगा टेलिफोन डिरेक्टरीतली एकेक कंपनी पालथी घालत हिंडला. जिथं तिथं राजकीय मतं विचारली जात आणि नकार मिळे. महिन्यामागून महिने गेले. शेवटी एका छपाई कंपनीनं राजकारण न विचारता घेतलं, पण लिथोग्राफर म्हणून नाही, रिटचर म्हणून. छापायच्या चित्रावर बारीक कुंचल्यानं हात फिरवायचा, डाग झाकायचे, कडा उठवायच्या. १९३४पासून चार वर्षं उमेदवारी. हा धंदा आता एका सॉफ्टवेअरमध्ये मावला आहे. पण डोळा आणि मनगट यांना तिथं जी सवय लागली ती झाप्फ यांच्या पुढच्या सगळ्या कामाखाली आहे.

उमेदवारीच्याच काळात, १९३५मध्ये, न्युरेंबर्गला रुडोल्फ कोख यांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. कोख हे ऑफेनबाखचे थोर अक्षरकार. आदल्या वर्षीच वारले होते. प्रदर्शन पाहून आलेल्या मुलानं दोन पुस्तकं मिळवली, एक कोख यांचं, दुसरं इंग्लंडच्या एडवर्ड जॉन्स्टन यांचं, आणि रुंद टोकाचा टाक घेऊन घरीच गिरवायला बसला. शिकवायला कुणी नव्हतं. विसाव्या शतकातला एक सर्वोत्तम सुलेखनकार असा पुस्तकांवर घडला.

हाउस त्सुम फ्युर्स्टेनेक. फ्रँकफर्टच्या जुन्या भागातलं मध्ययुगीन घर. रुडोल्फ कोख यांचे चिरंजीव पाउल यांनी तिथं कार्यशाळा थाटली होती. खिळे, हातछपाई, संगीताच्या स्वरलिपीची छपाई असं काम चाले. १९३८मध्ये झाप्फ तिथं दाखल झाले आणि तिथूनच श्टेम्पेल या खिळे ओतणाऱ्या कंपनीशी त्यांचा संबंध जुळला. मार्च १९४४च्या बॉम्बहल्ल्यांत जुनं फ्रँकफर्ट जळालं, त्यात हे घर गेलं. पाउल कोख युद्धावरून परतले नाहीत.

गिल्गेनगार्ट. झाप्फ यांचा पहिला टाइप, १९३८च्या आराखड्याचा. तो फ्राक्टुर वळणाचा होता, म्हणजे चारशे वर्षं जर्मन माणूस ज्या मोडक्या-कोनदार अक्षरांत वाचत आला त्या वळणाचा. ३ जानेवारी १९४१ला मार्टिन बोरमान या नाझी नेत्याच्या सहीचं परिपत्रक निघालं आणि नाझी सरकारनं ही अक्षरं 'ज्यू' ठरवून शाळा, कचेऱ्या, छापखान्यांतून काढून टाकली. त्याआधी हेच लोक त्यांना अस्सल जर्मन म्हणून मिरवत होते. युद्धानंतरही फ्राक्टुर परत रूढ झालं नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाचा पहिला टाइप असा आल्या आल्याच परका झाला. गिल्गेनगार्ट निवांत बघितला की कळतं, कोख यांचा वारसा किती हळुवारपणे पुढं नेलेला आहे. मला त्याची हळहळ वाटते.

हातानं लिहिलेला नकाशा. सैन्यात झाप्फ यांचा उपयोग होईना. कवायतीत डावं-उजवं चुकायचं. त्यांना नकाशे काढायला बसवलं, बोर्दोला फ्रान्समध्ये. स्पेनचे गुप्त नकाशे, त्यांत रेल्वेमार्ग आणि गावांची नावं. एक मिलिमीटर उंचीची अक्षरं ते भिंगाशिवाय लिहीत. रिकाम्या वेळात वह्या भरत: वळणं, फुलं, मजकुराची पानं. त्यांतल्या १९४४च्या एका वहीकडे पुढं परत यायचं आहे. युद्ध संपताना ते फ्रेंचांचे कैदी झाले, आजारी होते, त्यांना सभ्यपणे वागवलं गेलं आणि शस्त्रं खाली ठेवल्यावर चारेक आठवड्यांत ते घरी पोचले. नकाशावर हातानं नावं लिहिणाऱ्या माणसाची जागा आता जगातल्या कुठल्याच सैन्यात नाही.

ऑगस्ट रोझेनबेर्गर. यादीत माणूस घालू नये, पण या यादीतली सर्वांत मोठी हानी हीच आहे.

रोझेनबेर्गर श्टेम्पेल कंपनीत ठसे कापत. झाप्फ यांनी कागदावर काढलेलं पॅलाटिनो धातूत आणलं ते त्यांनी, पुढं ऑप्टिमाही. ठसे कापणारा म्हणजे नक्कल करणारा कारागीर असा समज असतो. तसं नसतं. कागदावरचं अक्षर मोठं, मोकळं. ते सहा पॉइंटात उतरवायचं तर कुठली रेघ थोडी जाड ठेवायची, कुठलं पोट किंचित फुगवायचं, दोन अक्षरांमधली हवा किती वाढवायची, हे सगळं कापणाऱ्याच्या डोळ्यावर. तोच टाइप अठ्ठेचाळीस पॉइंटात कापताना उलट: बारीक रेघ खरोखर बारीक, अंतरं आवळलेली. सहा पॉइंटाचा आणि अठ्ठेचाळीस पॉइंटाचा पॅलाटिनो एकमेकांवर ताणून ठेवले तर जुळणार नाहीत, आणि जुळत नाहीत म्हणूनच वाचणाऱ्याला ते एकसारखे दिसतात. फिल्म आली तेव्हा एकाच नेगेटिव्हवरून भिंगानं सगळे आकार काढायची सोय झाली. कॉम्प्युटरनंही बराच काळ तेच केलं. प्रत्येक आकाराला वेगळा हात लागायचा, तो लागेनासा झाला. छोट्या टाइपातली पुस्तकं एकदम फिकी आणि दाटीवाटीची का दिसू लागली, याचं एक मोठं कारण हे आहे.

युद्धाच्या वर्षांत या दोघांनी मिळून एक काम केलं. झाप्फ यांनी टाकानं लिहिलेली अक्षरमाला आणि सुलेखनाची पानं रोझेनबेर्गर यांनी शिशाच्या पट्ट्यांवर हातानं कोरली. शाईनं सरसर ओढलेल्या रेषेचा वेग शिशात कोरणीनं परत आणायचा, तोही उलटा, आरशातल्यासारखा. फ्रँकफर्टवर बॉम्ब पडत असताना हे चाललं होतं. युद्धानंतर, १९५०च्या सुमारास, श्टेम्पेलच्या स्वतःच्या छापखान्यात त्याचं पुस्तक निघालं: 'फेडर उंड श्टिखेल', म्हणजे लेखणी आणि कोरणी. नावातच दोघांचे हात आहेत. लेखणी झाप्फ यांची, कोरणी रोझेनबेर्गर यांची. एवढी न्याय्य नामावली नंतरच्या काळात क्वचित दिसते. 'फुलांची अक्षरमाला' हे छोटं पुस्तकही असंच दोघांचं.

पॅलाटिनोबद्दल आणखी एक. तो १९५०मध्ये बाजारात आला, युद्धातून नुकत्याच उठलेल्या जर्मनीत. कागद खरबरीत, शाई पिणारा. झाप्फ यांनी अक्षरांची पोटं मोकळी ठेवली, बारीक रेघांनाही अंग दिलं, म्हणजे वाईट कागदावरही अक्षर बुजणार नाही. सोळाव्या शतकातल्या इटालियन सुलेखनकाराचं, जांबात्तिस्ता पालातिनोचं, नाव त्याला दिलं. तो हलका कागद केव्हाच गेला. त्याच्यासाठी ठेवलेली ती मोकळी पोटं मात्र पुढं पडद्यावरच्या खडबडीत ठिपक्यांत कामी आली.

पितळी जोड-मातृका. लायनोटाइप हे जुळणीचं यंत्र: कळ दाबली की वरच्या पेटीतून पितळेची मातृका घरंगळत खाली येई, ओळ भरली की सगळ्या मातृकांवर धातूचा रस पडे आणि पूर्ण ओळीचा एक अखंड गट्टू तयार होई. वर्तमानपत्रं यावर निघत. सोयीसाठी एकाच पितळी तुकड्यावर एकाखाली एक दोन खळगे असत: उभं अक्षर आणि त्याचंच तिरकं रूप. तुकडा एक, म्हणून दोघांची रुंदी एकच. तिरकं अक्षर स्वभावतः अरुंद असतं. इथं त्याला ओढूनताणून उभ्याच्या मापाचं करावं लागे. हातजुळणीच्या खिळ्यात इंग्रजी 'एफ'ची मान खिळ्याबाहेर झुकून शेजाऱ्यावर जाऊ शके. लायनोटाइपमध्ये ते अशक्य. मान आखडून घ्यावी लागे.

झाप्फ यांनी या मापात राहून काम केलं आणि खुशीनं केलं, हे मला त्यांच्यातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. १९५२चा मेलिओर वर्तमानपत्री कामासाठी काढलेला. त्याची गोल अक्षरं पूर्ण गोल नाहीत, चौकोनाकडे झुकलेली, त्यामुळं कमी जागेत पोट मोठं मिळतं. १९५४चा आल्डस हा लायनोटाइपवर पुस्तकं जुळवण्यासाठी काढलेला पॅलाटिनोचा हलका भाऊ. यंत्रं भंगारात गेली. त्या यंत्रांनी घातलेल्या अटी मात्र त्या अक्षरांच्या अंगावर अजून तशाच आहेत; मेलिओरचा 'ओ' बघा.

हजार लिऱ्यांची नोट. १९५०च्या शरदात झाप्फ फ्लॉरेन्समध्ये होते. सांता क्रोचे चर्चच्या फरशीत जुन्या थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. त्यांतल्या साधारण १५३०च्या काही दगडांवर कोरलेली अक्षरं त्यांना थबकवून गेली. टोकाला आडवी रेघ नाही, पण दांडा मध्ये बारीक आणि टोकांकडे किंचित फाकत जाणारा. जवळचा कागद संपला होता. खिशातली हजार लिऱ्यांची नोट काढून तिच्यावर त्यांनी ती अक्षरं टिपली. लिरा हे चलन २००२मध्ये व्यवहारातून गेलं.

त्या टिपणातून ऑप्टिमा व्हायला आठ वर्षं लागली. मथळ्यांपुरता ठेवू नका, पुस्तकातल्या मजकुरालाही चालेल असा करा, हा सल्ला न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयातल्या मन्रो व्हीलर यांनी दिला आणि झाप्फ यांनी तो मानला. रोझेनबेर्गर यांनी कापला, १९५८मध्ये बाहेर आला. 'ऑप्टिमा' हे नाव विक्रीवाल्यांचं. झाप्फना ते बढाईखोर वाटे, त्यांना साधंसं 'नवा अँटिक्वा' हवं होतं. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत मोठं काम. दांड्याची ती किंचित कंबर दूरून दिसत नाही, पण ओळ वाचताना जाणवते. पुस्तकी अक्षराचा श्वास आणि बिनशेपटी अक्षराचा साधेपणा यांना एकत्र आणायचा प्रयत्न पुष्कळांनी केला; इतका नितळ उतरला तो इथंच.

दगडावरून निघालेलं हे अक्षर परत दगडावरच गेलं. वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक, १९८२, माया लिन यांचं: काळ्या ग्रॅनाइटची लांब भिंत आणि तिच्यावर ५८ हजारांहून अधिक मृतांची नावं, ऑप्टिमात. ग्रॅनाइट आपल्या बंगळूरहून गेला होता. नावं मात्र छिन्नीनं कोरलेली नाहीत. फोटोच्या पद्धतीनं स्टेन्सिल चढवून वाळूसारख्या दाण्यांचा झोत मारून ती काढली. एका यादीत इतकी नावं हातानं कोरणं शक्यही नव्हतं. लोक भिंतीवर कागद धरतात आणि पेन्सिल घासून आपल्या माणसाचं नाव घेऊन जातात.

खिळ्यांचे नमुनाग्रंथ. ओतशाळा आपल्या टाइपांचे नमुने छापून छापखान्यांना पाठवत. जुळाऱ्याच्या टेबलाशी ते असत, शाईच्या बोटांचे डाग पडलेले. झाप्फ यांनी या धंदेवाईक वस्तूचं १९५४मध्ये काय केलं ते बघावं: 'मानुआले तिपोग्राफिकुम'. शंभर पानं, सोळा भाषांतली वचनं, प्रत्येक पानाची मांडणी वेगळी, सगळं खिळ्यांनी जुळवलेलं.

श्टेम्पेल. पूर्ण नाव डी. श्टेम्पेल ए. जी., फ्रँकफर्ट, स्थापना १८९५. १९४७मध्ये झाप्फ यांना तिथं छापखान्याचं कलाप्रमुखपद मिळालं, वय अठ्ठावीस. १९५६पर्यंत ते तिथं होते. त्याच भागात ऑफेनबाखची क्लिंगश्पोर ओतशाळा होती, जिथं रुडोल्फ कोख यांची हयात गेली; ती १९५६मध्ये बंद झाली आणि श्टेम्पेलमध्ये मिसळली. फ्रँकफर्टची बावर १९७२मध्ये आटोपली. श्टेम्पेल १९८५मध्ये. तिची यंत्रं, ठसे, मातृका डार्मश्टाटच्या औद्योगिक संस्कृतीच्या संग्रहात ठेवल्या गेल्या. निदान भंगारात गेल्या नाहीत. श्टेम्पेल बंद झाली त्याच्या पुढच्याच वर्षी अॅपलचा लेझररायटर प्लस हा प्रिंटर आला, आणि त्याच्या पोटात पॅलाटिनो, झाप्फ चॅन्सरी आणि झाप्फ डिंगबॅट्स बसवलेले होते. ज्यानं आयुष्यात छापखाना पाहिला नाही अशा माणसाच्या घरात झाप्फ यांची अक्षरं अशी शिरली.

चोरायला अवघड असलेलं अक्षर. हेही गेलं. शिशाच्या काळात टाइपची नक्कल करायची तर मातृका हव्यात, ओतशाळा हवी, वर्षं हवीत. फिल्मच्या काळात फिल्मवर फिल्म ठेवून उजेड पाडला की झालं. पॅलाटिनोच्या इतक्या नकला निघाल्या की मोजदाद नाही, नावं वेगवेगळी, अक्षर तेच. अमेरिकेच्या कायद्यात अक्षराच्या आकाराला कॉपीराइट नाही. झाप्फ यांनी १९७४मध्ये वॉशिंग्टनला जाऊन अक्षररचनांना संरक्षण द्या म्हणून बाजू मांडली. काही झालं नाही. १९९३मध्ये त्यांनी अक्षररचनाकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला. संघटनेचेच वजनदार सभासद नकला विकतात आणि संघटना गप्प बसते, हे त्यांना सहन झालं नाही. वयाच्या पंचाहत्तरीला, ज्या मंडळींत आयुष्य गेलं त्यांच्यापासून बाजूला होणं सोपं नसतं. त्यांनी बरोबर केलं. विंडोज २०००मध्ये शेवटी अस्सल पॅलाटिनो, ग्रीक आणि सिरिलिक अक्षरांसह, झाप्फ यांच्या संमतीनं आला. त्याच विंडोजमध्ये र. कृ. जोशी यांचा मंगल हा देवनागरी टाइप होता, ज्यात पुढं कित्येक वर्षं मराठी माणसानं आपली पत्रं आणि अर्ज टाइप केले. शिशापासून कॉम्प्युटरपर्यंतचा प्रवास केलेला एक सुलेखनकार आणि आपला एक सुलेखनकार, एकाच यादीत, शेजारीपाजारी.

मार्कोनी. कील शहरातल्या हेल कंपनीच्या डिजिसेट या अक्षरजुळणीच्या यंत्रासाठी १९७६मध्ये काढलेला टाइप. चौकटीतले ठिपके भरून घडवलेल्या सुरुवातीच्या अक्षरांपैकी. डिजिसेट गेलं.

पोस्टानं जाणारी अक्षरं. अमेरिकन गणित परिषदेला गणितासाठी अक्षरं हवी होती. स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड नुथ आणि डार्मश्टाटचे झाप्फ यांनी १९८०च्या सुमारास काम सुरू केलं. कल्पना फार सुंदर: ज्याचं अक्षर देखणं आहे असा गणितज्ञ फळ्यावर कसं लिहील, तसं छापील गणित दिसावं. झाप्फ हातानं रेखाटनं करून पाठवत, स्टॅनफर्डचे विद्यार्थी ती कॉम्प्युटरच्या गणितात बसवत, छापून परत पाठवत, झाप्फ त्यावर दुरुस्त्या करून पुन्हा रवाना करत. ऑयलर असं नाव ठेवलं. १७८३मध्ये वारलेले गणितज्ञ लेओनहार्ड ऑयलर यांच्या स्मरणार्थ. त्यातलं शून्य बघावं, माथ्याशी टोकदार: लेखणी जिथून निघाली तिथं परत येऊन मिळते तशी खूण. १९८९च्या 'काँक्रीट मॅथेमॅटिक्स' या पुस्तकात ही अक्षरं प्रथम वापरली गेली. महासागरापलीकडे कागदावर एकेक अक्षर पाठवून, थांबून, वाट बघून केलेलं असं काम पुन्हा होण्याचं कारण उरलेलं नाही.

फुलांचा खण. खिळ्यांच्या छापखान्यात अक्षरांच्या केसशेजारी, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीशेजारी, एक खण फुलांचा, बाणांचा, हाताच्या पंज्यांचा, तारकांचा असे. झाप्फ यांनी १९७७मध्ये या चिन्हांची हजारावर रेखाटनं केली. त्यांतली ३६० निवडून १९७८मध्ये झाप्फ डिंगबॅट्स निघाले. कात्री, विमान, पाकीट, पेन्सिल, निब, बरोबरची खूण, हृदय. पुढं कॉम्प्युटरवरच्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत तयार होताना या चिन्हांसाठी एक स्वतंत्र गट राखला गेला. आज मोबाइलवर आपण बदाम पाठवतो त्या लाल हृदयाचा क्रमांक, २७६४, त्याच गटातला आहे. खण गेला, त्यातली फुलं अशी घरोघर पोचली.

जुळाऱ्याची बारीक स्पेस. ओळ दोन्ही कडांना नेमकी बसवण्यासाठी चांगला जुळारी शब्दांमध्ये पातळ तुकडे सरकवत असे, आणि ते अशा बेतानं की पानात कुठं भगदाडं पडू नयेत. कॉम्प्युटर आला तेव्हा ही नजर त्याला नव्हती; १९७० आणि ८०च्या दशकांतली पानं त्यामुळं जाळीसारखी दिसतात. झाप्फ यांनी हे पहिल्यापासून ओळखलं होतं. टाइप काढणं पुरेसं नाही, ओळ कशी बसवायची हे कॉम्प्युटरला शिकवलं पाहिजे, असं ते सांगत. जर्मनीत कुणी मनावर घेईना. अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षणसंस्थेनं घेतलं; १९७७ ते ८७ ते तिथं अक्षरजुळणीच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅम्सचे प्राध्यापक होते, या विषयाचं जगातलं पहिलं अध्यासन. डार्मश्टाट ते रॉचेस्टर ये-जा चाले.

उदाहरण ते गुटेनबर्गचं देत. त्याच्या ४२ ओळींच्या बायबलमध्ये २९० खिळे आहेत. जोडाक्षरं, संक्षेप, एकाच अक्षराच्या रुंद-अरुंद आवृत्त्या, सगळं ओळ सारखी बसावी म्हणून. हॅम्बुर्गच्या यूआरडब्ल्यू कंपनीतल्या पेटर कारोव यांच्याबरोबर त्यांनी हेच कॉम्प्युटरवर आणलं: अक्षराची रुंदी डोळ्याला कळणार नाही इतकी कमीजास्त करायची, विरामचिन्हं कडेच्या किंचित बाहेर जाऊ द्यायची, एक ओळ सुटी न बघता सबंध परिच्छेद तोलायचा. स्वतःच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव एचझेड. त्यातल्या कल्पना पुढं इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आल्या. आपल्याकडची मासिकं ज्यावर लागतात ते हेच इनडिझाइन.

फिर्तुओसा. १९४४च्या त्या वहीकडे आता यायचं. त्यात एक पान होतं, भरधाव लेखणीचं: लांब शेपट्या, वर-खाली झेपावणारे दांडे, एकाच अक्षराची प्रत्येक वेळी नवी वळणं. युद्धानंतर झाप्फ यांनी श्टेम्पेलमध्ये ते खिळ्यांत आणायचा प्रयत्न केला, फिर्तुओसा या नावानं. खिळा चौकोनी. शेपटी खिळ्याबाहेर फार गेली तर छपाईच्या दाबाखाली मोडते. एकाच अक्षराचे पाच-सहा प्रकार ओतायचे तर केसमध्ये जागा कुठं आणि जुळाऱ्यानं निवडायचं कसं? वळणं छाटली गेली. फिर्तुओसा चांगला आहे, पण वहीतला वारा त्यात नाही.

१९९३मध्ये डेव्हिड सीगल या अमेरिकन तरुणानं पत्र लिहिलं: अक्षरं यदृच्छेनं बदलत जातील असा प्रोग्रॅम करू या. काम सुरू झालं, अडखळलं, सीगल बाजूला झाले. शेवटी लायनोटाइप कंपनीनं १९९८मध्ये ते पुरं केलं. झाप्फ ऐंशी वर्षांचे होते. त्याचं नाव झाप्फिनो. अॅपलच्या कॉम्प्युटरवर त्या टाइपात 'झाप्फिनो' हा शब्द रोमनमध्ये एकेक अक्षर टाइप करत गेलं तर शेवटचं अक्षर पडताच सगळी अक्षरं सरकून एक अखंड जोडवळण होतं, जणू एका दमात लिहिलेलं. बोर्दोच्या वहीतलं पान चोपन्न वर्षांनी पूर्ण उतरलं. शिशानं जे नाकारलं ते कॉम्प्युटरनं दिलं, आणि हे त्या कॉम्प्युटरचं ऋण मान्य केलं पाहिजे.

गुड्रुन यांची पितळी अक्षरं. गुड्रुन फॉन हेस, जन्म २ जानेवारी १९१८, पुस्तकबांधणी करणाऱ्या, फ्रँकफर्टच्या श्टेडल कलाशाळेत अक्षरलेखन शिकवणाऱ्या. त्यांनी पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर सोनेरी नावं ठसवण्यासाठी एक अक्षरमाला पितळेत स्वतःच्या हातानं कापली. झाप्फ आणि त्या १९५१मध्ये विवाहबद्ध झाले. डिओटिमा हा त्यांचा टाइप नाजूक, मोकळा आणि कमालीचा स्वच्छ. तो 'झाप्फ यांच्या पत्नीचा टाइप' म्हणून ओळखला जाऊ नये इतका स्वतंत्र. पितळी अक्षरमाला मात्र कधी टाइप म्हणून निघालीच नव्हती. त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी, २०१८ला, ती हेस-अँटिक्वा या नावानं डिजिटल रूपात प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये त्या वारल्या. दोघांचे कागद, रेखाटनं, पत्रव्यवहार वोल्फेनब्युटेलच्या हेर्त्सोग आउगुस्ट ग्रंथालयात आहेत.

मायकेलअँजेलो आणि सिस्टिना. १९५०-५१च्या सुमाराचे, फक्त मोठ्या अक्षरांचे दोन टाइप, पॅलाटिनोच्या सोबतीला काढलेले. पहिला हलका, दुसरा भारदस्त. झाप्फ यांनी उतारवयात अकिरा कोबायाशी या जपानी रचनाकारासोबत आपले जुने टाइप पुन्हा हाताखाली घेतले. २००२च्या ऑप्टिमा नोव्हात तिरकं अक्षर पहिल्यांदा खऱ्या अर्थानं तिरक्या वळणाचं झालं. आधीचं नुसतं कललेलं होतं. २००५मध्ये पॅलाटिनो नोव्हा आला, तेव्हा आल्डस त्याच्या कुटुंबात परत घेतला गेला, आणि मायकेलअँजेलोला 'टायटलिंग', सिस्टिनाला 'इम्पीरिअल' अशी नावं मिळाली. अक्षरं तीच आहेत, आधीपेक्षा नेटकी. जुनी नावं मेन्यूत सापडणार नाहीत.